तळेगावची वांग्याची भाजी आणि आंगातले जागले

नालवाडी, वर्धा
९ जानेवारी १९७९

तीर्थरूप अण्णाजी यांचे चरणी, आपल्या धाकट्या बहिणीचा मालक बंडूजी याचा एका हाताचा नमस्कार. (दुसऱ्या हातावर कालपासून पित्ताची लिंबाएवढी गांधी उठली आहे, ती बसली की तो हात जोडून नमस्कार पुरा करीन.) आपली तब्येत, वहिनींचा गुडघा, गोठ्यातली जनावरे आणि गिरडच्या टेकडीवरची थंडी हे सर्व आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा करतो. इकडील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले, तसे काही नाही.

इथवर शुद्ध लिहिलं. पण आंग खाजत असताना शुद्ध लिहिणं माझ्याच्यानं होत नाई अण्णाजी, म्हणून आता बोलतो तसंच लिहितो, सांभाळून घेजा.

पहिले सर्दीचं सांगतो, कारण तुम्ही मागच्या पत्रात इचारलं होतं. सर्दी तशीच आहे. दर शनिवारी मी सायकलच्या दुकानासाठी ट्यूब-टायर आणाले नागपूरले जातो. दिवसभर तिथल्या बाजारात फिरतो, एक शिंक येत नाई. सांजच्याले घरी आलो, उंबरठ्याच्या आत पाय ठेवला, का नाक गळते अन् शिंका सुरू. देवका म्हणते ही नागपूरची धूळ आहे. मी तिले इचारलं, मंग नागपूरची धूळ नागपुरातच काऊन नाई शिंकवत? तर म्हणे तिथं ती ताजी असते, घरी येईपर्यंत वाळते. तुमची बहीण बोलाले लागली का मले पटतेच, लग्नापासून पटत आलं आहे.

आता मूळ गोष्ट. आपल्या प्रेमदासची सोयरीक लटकली आहे. ती हुंड्यावरून लटकली नाई, कुंडलीवरून लटकली नाई, मानपानावरून तर नाईच नाई. ती माझ्या कातड्यावरून लटकली आहे. तळेगावचे (श्यामजी पंताचं तळेगाव, आष्टीकडलं) रूपरावजी तुम्ही नावानं ओळखता. संत्र्याची झाडं, विहिरीवर मोटर, माणूस शांत. पोरगी मंदा मॅट्रिक पास, देखणी, आपल्या प्रेमदासनं पाह्यल्यापासून तो दुकानात पुढच्या चाकाले मागची चेन लावून राह्यला. रूपरावजीची अट एकच होती, पोरगी देईन तर माळकरी घरातच देईन. आता माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे हे सगळ्या नालवाडीले माहीत आहे. (ती केव्हा केव्हा खुंटीवर असते हे फक्त तुम्हाले माहीत आहे. त्याच्याबद्दल खाली.)

तर आम्ही तिघं, मी, देवका अन् प्रेमदास, पसंती सांगाले तळेगावले गेलतो. तिथं पाव्हण्याच्या ताटाचा पांढरा तळ दिसला का घरच्यायले अपमान वाटते, म्हणून वाढणारा ताटाकडं पाहून वाढत नाई, पाव्हण्याच्या डोळ्याकडं पाहून वाढते, अन् डोळे नाई म्हणाले तर दुप्पट वाढते. त्यात त्या घरची वांग्याची भाजी. ही भाजी रूपरावजीच्या आत्याबाई मनकर्णाबाई करतात. सत्तरी पार केलेली बाई, पण चुलीजवळ कोणाले फिरकू देत नाई. पंचक्रोशीत या भाजीचं नाव आहे. रूपरावजी पंगतीत मोठ्यानं सांगत होते का आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या नामस्मरण आहे, म्हणून भाजीले अशी चव येते. मी म्हटलं खरं आहे, अन् तिसऱ्यांदा वाढून घेतली.

त्यातल्या चौथ्या घासाले माझे तळहात खाजाले लागले. मी म्हटलं लक्ष्मी येत असन. मंग कान खाजले, मंग पोट, मंग जिथं चारचौघात हात नेता येत नाई तिथं. धोतरावरून मांडी दाबत मी हसून राह्यलो होतो. तेवढ्यात ओठ सुजून उजवा डोळा बंद होत गेला, अन् तो नेमका मी होणाऱ्या इहिनीकडं, म्हणजे रुख्माबाईकडं, पाहत असताना बंद झाला. त्या बिचारीले वाटलं पाव्हणे डोळा मारून राह्यले. ती वरणाचं भांडं तिथंच ठेवून आत गेली. देवकानं मले पायानं ढोसलं. मी दुसरा डोळा उघडा आहे हे दाखवाले वळलो, तर सगळी पंगत माझ्या तोंडाकडं पाहून उठून उभी राह्यली. आंगभर गांध्या, अण्णाजी. पापड तळताना कसे फोड येतात, तसं तोंड झालं होतं.

मनकर्णाबाई चुलीजवळून आल्या, मले एकदा पाह्यलं अन् म्हणाल्या, माता आली. झालं. प्रेमदास म्हणाला आत्याबाई, देवीचा रोग सरकारनं देशातून हद्दपार केला. त्या म्हणाल्या सरकारनं हाकलली म्हणून ती येणं सोडते काय, तिचं घर आहे, ती येईन. (गावच्या दवाखान्याच्या भिंतीवर अजून जुनी पाटी रंगवलेली आहे, देवीचा रोगी कळवा अन् इनाम घ्या. रूपरावजीचा गडी तेवढ्यात तिकडं पळत सुटला. प्रेमदासनं त्याले नाल्यापाशी गाठून आणलं.) मंग मले पाटावर बसवलं. चहूबाजूनं कडूनिंबाचा पाला. घरात फोडणी बंद, म्हणून जिलबीची कढई चुलीवरून उतरली. सगळे अनवाणी. अन् मातेले नावानं हाका मारत नाईत, म्हणून जो तो मले माय म्हणाले लागला. मिशीवाला माणूस मी, गांध्यानं फुगलेला, अन् शेजारच्या बाया येऊन पदर पसरतात, माय, शांत हो माय. एकीनं तिची म्हैस केव्हा गाभण राहीन हे इचारलं. मी बोलाले गेलो तर ओठ सुजल्यानं नुसतं बूं झालं. ती समाधानानं गेली. रूपरावजीनं माझे पाय धरले. मुलीचा बाप पाय धरते अन् मुलाचा बाप खाजवते, असं कोणत्या सोयरिकीत झालं असन काय, सांगा.

थोड्या वेळानं गांध्या आपोआप बसल्या. डोळा उघडला. मी म्हटलं झालं, सुटलो. पण मनकर्णाबाई म्हणाल्या माता अशी तासाभरात जात नसते, ती रुसली आहे, तिले थंडा नैवेद्य द्या. आता मातेले ऊन ऊन चालत नाई हे तुम्ही जाणता. घरात थंडं काय होतं? तीच वांग्याची भाजी, पंगत मोडल्यानं उरलेली. वाटीभर भाजी, वर दही, अन् सगळे हात जोडून उभे. मातेनं नैवेद्य नाकारला तर घरावर कोप होते. देवका डोळ्यानं म्हणे खा, प्रेमदास डोळ्यानं म्हणे बाबा खा, माझ्या लग्नासाठी खा. मी वाटी चाटून पुसून खाल्ली.

या खेपेले नुसत्या गांध्या नाई उठल्या, गळा आतून आवळला. श्वास ओढला का पंक्चर ट्यूबसारखी शिटी वाजे. तवा मात्र मनकर्णाबाईचं काही चाललं नाई. रूपरावजीनंच कोणाची तरी जीप आणली अन् मले मागं घालून वर्ध्याले आणलं. रस्ताभर देवका माझा हात धरून बसली होती अन् रडत होती, हे मी तुम्हाले मुद्दाम लिहितो, कारण ती तुम्हाले सांगणार नाई.

वर्ध्याच्या नव्या डाक्टरनं सुई टोचली, श्वास मोकळा झाला. मंग तो म्हणाला ही माता नाई, खरूज नाई, हे तुमच्याच आंगातल्या पहारेदारायचं काम आहे. त्यायले मास्ट सेल म्हणतात. फार वर्षांमागं एका जर्मन सायबानं दुर्बिणीतून पाह्यलं का या पेशी दाण्यायनं गच्च भरल्या आहेत. त्याले वाटलं खाऊन खाऊन फुगल्या, म्हणून त्यानं पोसलेल्या पेशी असं नाव ठेवलं. (देवकानं इथं माझ्या पोटाकडं पाह्यलं.) पण ते खाणं नसते, तो दारूगोळा असते. कातडीखाली, नाकात, श्वासाच्या नळीत, आतड्यात, जिथं जिथं आपल्या आंगाले बाहेरच्या जगाचा बांध-धुरा लागते, तिथं हे रक्ताच्या नळ्यायजवळ पोतडी भरून बसले असतात. शत्रू दिसला का पोतडी फोडतात. त्यातून हिस्टामिन नावाची चीज निघते, ती रक्ताच्या नळ्या सैल करते, पाणी बाहेर झिरपते, आंग सुजते, खाजते, अन् बाकीची फौज धावून येते.

मले हे लगेच समजलं अण्णाजी, कारण मले आपला कवडू आठवला. तुमच्या वावरात डुकरं हाकलाले ठेवला होता तो जागल्या. त्यानं जन्मात डुक्कर मारलं नाई. पण एकदा तुम्ही काळी घोंगडी पांघरून धुऱ्यावर बसले, त्या दिवशी तो काही बोलला नाई, नुसतं पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवस बुडताना तीच घोंगडी दिसली अन् त्यानं तुमच्या पाठीवर काठी घातली, डबा बडवला, सगळं गाव वावरात बोलावलं. गर्दीनं जेवढी तूर तुडवली तेवढी डुकरायनं वर्षभरात तुडवली नसती. हे मी डाक्टरले सांगतलं तर तो खूश झाला. म्हणाला तंतोतंत असंच होते. पहिल्या खेपेले आंग फक्त वळख ठेवते, त्या वळखीच्या आकड्या करून हरेक जागल्याच्या आंगावर खोचून देते. पुन्हा तीच चीज आली अन् दोन आकड्यायच्या मधात अडकली, का पोतडी फुटली.

मी म्हटलं डाक्टरसाहेब, मंग या जागल्यायले कामावरून काढून टाका. तो म्हणाला काढाचे नाई, पोटात जंत शिरले का पहिली बोंब हेच मारतात. फक्त हल्ली काम कमी पडलं का बसल्या बसल्या जेवणालेच डुक्कर समजतात. त्यानं गोळ्या देल्ल्या. हिस्टामिन ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीवर ही गोळी आधीच जाऊन बसते म्हणे. सरकारी कचेरीत काम पडलेल्या माणसाले हे सांगावं लागत नाई.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तळेगावात बोभाटा झाला का रूपरावजीच्या घरच्या भाजीनं पाव्हणा मरता मरता वाचला, अन् नालवाडीत बोभाटा झाला का बंडूजीले काहीतरी लागट रोग आहे. दोन्ही घरं बदनाम. शेवटी डाक्टर म्हणाला, सुईचा अंमल उतरला का या, हातावर टोचून पाहू कोणत्या चिजेनं होते. रूपरावजी इज्जतीवर आले. काल ते स्वतः मनकर्णाबाईले घेऊन वर्ध्याले आले, त्याच हातची ताजी भाजी डब्यात घेऊन. म्हणाले आमच्या वांग्यावर आळ नको.

डाक्टरनं माझ्या डाव्या हातावर पेनानं खुणा केल्या अन् एकेका चिजेचा थेंब ठेवून सुईचं टोक टोचलं. वांगं, काही नाई. शेंगदाणा, काही नाई. मिरची, खोबरं, तीळ, काही नाई. रूपरावजीची छाती फुगत चालली होती. मंग डब्यातल्या रश्श्याचा थेंब ठेवला. पाहता पाहता लिंबाएवढी गांधी. डाक्टरनं चिमटा घेतला, डब्यात खालून वर ढवळलं अन् एक वाकडी, गुलाबीसर काडी बाहेर काढली. हे काय आहे, त्यानं इचारलं. रूपरावजी म्हणाले दगडफूल असन. डाक्टर म्हणाला दगडफुलाले मिशा नसतात.

मनकर्णाबाई बाकावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, झिंगा आहे तो, कुटताना एखादा राहून जाते. त्याच्यावाचून वांग्याले चव येते काय? तुझ्या बापाच्या येळेपासून टाकतो मी, माळ तुमच्या गळ्यात आहे, माह्या नाई. रूपरावजीनं टेबल धरलं. जन्मभर ज्या चवीले ते नामस्मरण समजले, ती वाळल्या झिंग्याची निघाली. मले त्या माणसाची खरंच दया आली. पण हसूही येत होतं, अन् गांधी खाजत होती, म्हणून तोंड कसं झालं असन ते सांगता येत नाई.

तर या डाक्टरले कुठं थांबावं हे समजत नाई. तो म्हणाला, पण एक गोष्ट पक्की, यायनं झिंगे पहिले खाल्लेले आहेत, त्याच्याशिवाय आंगानं वळख ठेवली नसती. दवाखान्यातले सगळे डोळे माझ्या गळ्यातल्या माळेवर. मी म्हटलं वासानं होत नाई काय? डाक्टर म्हणाला होते की, भाजताना निघालेल्या वाफेनंही होते, पण त्यासाठी घरात झिंगे भाजले पाहिजेत. तेवढ्यात देवका उठून म्हणाली, ऊन वाढलं, घरी चला. जानेवारीत कसलं ऊन वाढते, पण मीही म्हटलं हो, फार वाढलं.

असं सगळं आहे. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. उत्तराची काही घाई नाई.

आपला,
बंडूजी

ता. क. उत्तराची घाई आहे. दवाखान्याच्या पायरीवर रूपरावजीनं मले बाजूले घेऊन सांगतलं, आमच्याच्यानं झालं ते अजाणता झालं. तुमच्याही पोटात अजाणता गेलं असन तर आपण दोघं बरोबरीचे, संक्रांत झाली का कुंकू लावून टाकू. पण जाणूनबुजून खाल्लं असन तर पोरगी देत नाई. मंग इचारलं, तुम्हाले कोणी खाऊ घातलं? अण्णाजी, तुम्ही मोठे आहात, समजून घ्या, माझ्या तोंडातून तुमचंच नाव निघालं. मी म्हटलं गिरडच्या उरूसाले साळ्याच्या घरी जेवलो होतो, तिथं वहिनींनी न सांगता भाजीत टाकलं असन. तर आता तुम्ही तळेगावले येऊन चारचौघात एवढंच म्हणाचं का हो, न सांगता टाकलं. माळ तुम्हीच माझ्या गळ्यातून काढून खुंटीले टांगत होते, अन् मागल्या खेपेले माझा ओठ सुजला तवा पानातला चुना लागला असं तुम्हीच म्हणाले होते. म्हणजे पाहाले गेलं तर हे खोटं नाईच. प्रेमदासनं कालपासून जेवण सोडलं आहे. लवकर येजा.

ता. क. दुसरा. यातलं एक अक्षरही देवकाले कळू देऊ नका. तिनं माझ्यासाठी हरेक एकादशी केली आहे. पाकिटाले डिंक लावत नाई, दुकानातलं पंक्चरचं सोल्युशन लावतो, ते कोणाच्यानं उघडत नाई. पत्र तिच्याच हातून पोस्टात पाठवतो, म्हणजे तिले शंका येणार नाई.

ता. क. तिसरा. दादा, मी देवका. पंक्चरचं सोल्युशन चहाच्या वाफेवर सुटते, पण हे यायले सांगू नको. सगळं वाचलं. उरूसाचं मले पहिलेच माहीत होतं, वहिनीनंच सांगतलं होतं. पण दादा, यायच्या आंगातल्या त्या जागल्यायले झिंग्याची वळख तुझ्या घरी नाई झाली, माझ्याच घरी झाली. शनिवारी हे नागपूरले गेले का मी अन् शेजारची आनंदाबाई तू देलेले झिंगे तव्यावर भाजतो. खिडक्या उघडतो, उदबत्ती लावतो, तरी हे आले का शिंकतात, अन् मी इतके वर्षं नागपूरच्या धुळीले नाव ठेवत आली. डाक्टरनं वाफेचं म्हटलं तवा मले समजलं, म्हणूनच ऊन वाढलं म्हणत मी उठली. जीपमध्ये यायचा श्वास शिटी मारत होता, तो आवाज अजून कानातून जात नाई. आता घरात भाजणं बंद, माणूस राह्यला तर झिंगे. तू तळेगावले येजो अन् हे लिहितात तसंच बोलजो, वहिनीले माझ्याकडून हात जोडजो. येताना थैली आणशीन तर आनंदाबाईकडं टाकजो, आता तिच्याच चुलीवर भाजू. अन् दादा, ही सोयरीक मोडू देऊ नको. काल निघताना मनकर्णाबाईनं माझ्या कानात इचारलं, तू कुटून टाकते का अक्खे? मी म्हटलं अक्खे. ती म्हणाली मंदाले कुटून टाकायचं मी शिकवलं आहे, कोणाले पत्ता लागत नाई. अशी सून मले दुसरी भेटणार नाई.